अंगणातला पौंड

वैनगंगेला पूर आला की सगळ्या बालाघाटला कळायचं, वारासिवनीला धानाचा भाव उतरला की संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत त्याची चर्चा व्हायची, पण तिकडे लंडनमध्ये पौंडाला जरा कणकण आली तर ती कळणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो आमच्या समोरच्या घरात राहायचा. त्याने जन्मात पौंडाची नोट पाहिलेली नव्हती. डॉलर, मार्क, येन यांचंही तेच. तरीही समोरचे काका त्यांच्याबद्दल अशा आपुलकीने बोलायचे की नवख्या माणसाला ही बाहेरगावी शिकायला ठेवलेली त्यांची मुलं वाटावीत. "पौंडाचं काई खरं नाई या हप्त्यात," असं ते दाराशी उभे राहून सुस्कारा टाकत म्हणायचे, आणि भाजीवाली विचारायची, "डॉक्टरले दाखवलं का, भाऊ?"

काका बँकेत कारकून होते. बँकेच्या बालाघाट शाखेत परकीय चलनाचा संबंध एवढाच, की भिंतीवरच्या कॅलेंडरावर परदेशातल्या एका पुलाचं चित्र होतं. काउंटरवर बसून काका पासबुकं भरायचे, शेतकऱ्यांचे अंगठे घ्यायचे, मँगनीजच्या खाणीच्या पगाराच्या दिवशी घामाघूम व्हायचे आणि पाच वाजले की सायकलवर टांग टाकून खऱ्या कामासाठी घरी यायचे. बँकेच्या मुंबईच्या मोठ्या शाखेत मात्र परकीय चलनाचा स्वतंत्र विभाग होता. त्या विभागाच्या प्रशिक्षणासाठी दर वर्षी लहान शाखांतून अर्ज मागवत, मग जबलपूरला मुलाखत होई. त्या विभागात एकदा तरी खुर्ची टाकून बसावं, एवढी एकच इच्छा काकांनी आयुष्यात धरली होती. वयाची अट पन्नाशीची होती. इंग्लंडने पौंडाचा बांधलेला भाव सोडून तो बाजारावर मोकळा सोडला, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट, आणि काकांसाठी ते अर्जाचं शेवटचं वर्ष होतं.

माझा या सगळ्यात शिरकाव झाला तो इंग्रजीमुळे. मी लहानपणापासून नागपूरला नन्सच्या शाळेत आणि पुढे तिथल्याच कॉलेजात शिकले, बी. ए. होऊन घरी परतले आणि माझं काय करायचं हे कोणालाच कळेना. मला मराठी लिहिता येत होती, हिंदी समजत होती, इंग्रजीत स्वप्नं पडत होती आणि तिन्ही भाषांत मी गप्प असायचे. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरात पाहुणे आले की मागच्या दारी. नागपूरचं इंग्रजी वर्तमानपत्र आमच्याकडे गोंदियाच्या गाडीने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायचं. एकदा काका ते मागायला आले, व्यापाराचं पान उघडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "वाच बेटा." मी वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आठवडाभराने त्यांनी आईला सांगितलं, "वहिनी, पोरगी लाखात एक हाय. भाव सांगते, मत नाई सांगत." माझ्या न बोलण्याचं एवढं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं.

भाव ऐकून झाले की आलेख. नागपूरहून आणलेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, की चलनाचा भाव आकड्यांत पाहू नये, रेषेत पाहावा. आता रेषा काढायला आलेखाचा कागद हवा. तो बालाघाटात मिळायचा नाही असं नाही, पण काकांना एवढासा कागद पुरत नव्हता. त्यांना पौंडाच्या चढउतारावरून चालून पाहायचं होतं. म्हणून त्यांनी काकूंचं अंगण घेतलं. काकू सकाळी सडासारवण करून रांगोळीचे ठिपके घालायच्या, आणि त्या ठिपक्यांच्या जाळीत संध्याकाळी काका ओणवे होऊन पौंड काढायचे. पौंड पांढऱ्या रांगोळीचा, डॉलर हळदीचा, येन कोळशाच्या पुडीचा. मार्कासाठी त्यांनी कुंकू मागितलं तेव्हा मात्र घरात मोठा प्रसंग झाला.

"कुंकू?" काकू म्हणाल्या. "त्या जर्मनीच्या नावानं? अन् तेबी जमिनीवर? मी जित्ती हावो अजून."

मार्क गेरूचा झाला.

या पद्धतीत एक अडचण होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नेमाने सडा टाकायच्या, आणि महिनाभराचा पौंड शेणाच्या पाण्यात वाहून जायचा. मग संध्याकाळी काका तो पुन्हा पहिल्या दिवसापासून काढायचे, आठवणीतून. आम्ही सगळ्यांनी त्यांना सुचवून पाहिलं, की एक कोपरा तरी सारवायचा राहू द्या. काका ऐकायचे नाहीत. "तिनं पुसलं म्हणून तं मले पाठ झालं," म्हणायचे. "कागदावर लिवलं का मानूस निचिंत होते. मंग कागद हुशार होते, मानूस तसाच राह्यते." एकदा शेजारच्या दोन सुनांनी ती डोंगरासारखी वरखाली जाणारी रेष पाहिली, काकूंची रांगोळी अर्धवट राहिली असं समजल्या आणि प्रेमाने दोन्ही बाजूंना कमळं काढून पूर्ण केली. काका बँकेतून आले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "असा पौंड मी आजपावतर पाह्यला नव्हता."

पण रेषा पाहणं वेगळं आणि त्यावरून घ्यायचं की विकायचं हे ठरवणं वेगळं. त्यासाठी पद्धत लागते. काकांकडे चार होत्या, आणि कोणतीही पद्धत आधी घरच्या जगण्यात तपासल्याशिवाय ते पौंडाला लावत नसत. पहिलीचं नाव त्यांनी ठेवलं होतं बारात. ज्या बाजूने बारात चालली त्या बाजूने आपण चालायचं, बँड थांबला की घरी परतायचं. ही त्यांनी बसस्टँडवर लावून पाहिली. त्यांना राजेगावला एका बारशाला जायचं होतं. समोर सगळी माणसं एका गाडीकडे पळताना दिसली, काकाही पळाले, खिडकीजवळची जागा मिळवली आणि वारासिवनीला उतरले. बारशाचं झबलं तिथल्याच एका ओळखीच्या बाळाला घालून आले. दुसरी पद्धत याच्या उलट. सगळे घेत असतील तेव्हा थांबायचं, सगळे थकले की घ्यायचं. त्या वर्षी गल्लीभर लोणच्याचे आंबे उतरले तेव्हा काकांनी काकूंना अडवून धरलं. भाव पडला, काका जिंकले, स्वस्तात टोपलीभर आंबे घरी आले. ते सगळे पिकलेले होते. वर्षभर लोणचं आमच्या घरून जायचं, आणि काका ते बोटाने चाटत म्हणायचे, "पद्धत बरोबर हाय. मालच चुकला." तिसरी सरासरीची. एका दिवसावरून मत बनवायचं नाही. काकूंनी भाजी कशी झाली विचारलं तर ते डोळे मिटून मागच्या दहा दिवसांच्या भाज्या आठवायचे आणि मग सांगायचे, "चढतीवर हाय." आजची कशी झाली ते काकूंना कधीच कळायचं नाही.

चौथी पद्धत सगळ्यांत कडक होती. तोटा लहान असतानाच उठायचं. पुस्तकात यावर एक आख्खं प्रकरण होतं, ते मीच त्यांना वाचून दाखवलं होतं, आणि त्याचे परिणाम गावाने भोगले. काका सिनेमातून दुसऱ्या गाण्याला उठायला लागले. भजनातून पहिल्या अभंगाला. एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या डोक्याने उठले. आरशात पाहून त्यांच्या लक्षात आलं, की काम उतरत चाललं आहे. त्यांनी गळ्याभोवतीचं फडकं सोडून न्हाव्याच्या हातात दिलं आणि शांतपणे चालू लागले. न्हावी मागून ओरडत होता, "बाबूजी, एक साइड तो बाकी है!" उरलेली बाजू काकूंनी विळीसारख्या कात्रीने कापली. दुसऱ्या दिवशी बँकेत मॅनेजरसाहेबांनी विचारलं तेव्हा काकांनी प्रामाणिकपणे कबूल केलं, की उठल्यावर तोटा वाढला.

या चौघींपैकी एकीची निवड करणं मात्र त्यांना जमत नव्हतं, आणि मुलाखतीत नेमकं तेच विचारणार हे त्यांना मागच्या वेळच्या एका उमेदवाराकडून कळलं होतं. म्हणून त्यांनी माझ्याकडे इंग्रजीचा सराव मागितला. मी साहेब व्हायचं, ते उमेदवार. त्यांच्या ओसरीवर मी खुर्चीत बसायचे, ते दाराबाहेर चपला काढून "मे आय कम इन, मॅडम?" विचारायचे. पहिल्या दिवशी मी उत्तरच दिलं नाही. काका बाहेर उभे ते उभेच. शेवटी आतून काकू म्हणाल्या, "घे वं त्याहीले आत, पाय दुखते त्याहीचे." मग मी घेतलं. हळूहळू मला ते आवडायला लागलं. पाठ ताठ करून मी विचारायचे, कोणती पद्धत निवडाल आणि का? काका रोज वेगळं उत्तर द्यायचे. सोमवारी बारात, मंगळवारी सरासरी. मी एकदा चक्क रागावले, इंग्रजीतून, साहेबासारखी. त्यांनी मान खाली घातली आणि मराठीत म्हणाले, "चारी लेकरंच हायेत व माह्ये. एकीले कशी निवडू?"

अर्ज मॅनेजरसाहेबांच्या सहीने जबलपूरला जायचा होता. सही होणार तेवढ्यात हवालदार आला.

झालं असं, की काका आपले सौदे मोठ्याने सांगायचे. सौदा म्हणजे फक्त अंगणात एक खूण. पदरचा पैसा कुठेही नाही, आणि घरात परकीय चलन ठेवणं हा केवढा गुन्हा आहे हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. पण "काल पौंड इकला," "आज डॉलर घेऊन ठेवला" हे ते दूधवाल्याला, पोस्टमनला, पानठेल्यावर सगळ्यांना सांगायचे, आणि लोक शब्दशः धरायचे. बोलता बोलता गावात असं झालं, की महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या राजेगावच्या नाक्यावरून तांदळाच्या पोत्यांत डॉलर येतात आणि समोरच्या घरात उतरतात. एक म्हातारे गृहस्थ तर मुलीच्या लग्नासाठी थोडे वाजवी भावात द्याल का, असंही विचारून गेले. काकांनी त्यांना अगदी मनापासून सल्ला दिला, की लग्न पुढे ढकला, डॉलर अजून उतरेल.

हवालदार संध्याकाळी आला. मी काकांच्या ओसरीवर पेपर घेऊन बसले होते, घरी पळावं असं वाटलं, पण वाट अंगणातूनच होती आणि अंगणात तो उभा होता.

"बाबूजी, शिकायत आई है. आप पौंड बेचते हैं?"

"हाँ," काका उत्साहाने म्हणाले. इतक्या मोठ्या माणसाने आपल्या कामाची चौकशी त्याआधी केली नव्हती. "परसों ही बेचा."

"और डॉलर?"

"डॉलर अभी रोक के रखा है."

हवालदाराने काठी काखेत घेतली. "कहाँ रखा है?"

"ये क्या, आपके पैर के नीचे."

हवालदार उडी मारून बाजूला झाला. खाली हळदीची रेष होती, तिच्यावर बुटाचा ठसा उमटलेला. काका हळहळले, "गिरा दिया न आपने." मग त्यांनी त्याला चारी रेषा समजावून सांगितल्या, आणि गेरूच्या रेषेशी आल्यावर काकू आतून ओरडल्या, "कुंकू नोय ते, सांगून द्या त्याले!" हवालदार चहा पिऊन, हसत हसत गेला. जाताना येन वाढेल का, तेही विचारून गेला.

पण ती गोष्ट दुसऱ्या दिवशी बँकेत पोचली, आणि मॅनेजरसाहेबांना हसू आलं नाही. "देखिए, मुझे अर्जी के साथ लिखना पड़ेगा कि पुलिस पूछने आई थी," ते म्हणाले. ते वाईट नव्हते; भित्रे होते, एवढंच. काका घरी आले ते आलेख काढायला बसलेच नाहीत. मी पेपर घेऊन गेले तर म्हणाले, "आज नको, बेटा." मग थोड्या वेळाने, "मी नाव मागं घेऊन राह्यलो. तोटा लहान हाय तवाच उठाव. पोलिसाचं नाव निंघालं, उद्या नोकरीवर आलं तं?"

मला बोलता आलं असतं तरी इंग्रजीतच आलं असतं. काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही, मानही वर केली नाही.

"एक सांगा मले," त्या म्हणाल्या. "तुमचं ते तोट्याचं. काई घेतल्यावरच तोटा होते नं?"

"हौ."

"मंग तुमी काय घेतलं अजून? अर्जच तं गेला नाई. काई घेतलंच नाई त उठता कायच्यातून?"

काका त्यांच्याकडे पाहत राहिले. न्हाव्याच्या आरशात जसं पाहिलं असेल तसं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या पुस्तकात हे हाय का?"

मी म्हटलं, "नाही." खरं तर प्रकरणाच्या सुरुवातीलाच होतं, पण काकूंनी सांगितलेलं जास्त चांगलं होतं.

अर्ज गेला, पोलिसांच्या उल्लेखासकट. बोलावणं आलं. छोट्या लाईनच्या, अरुंद रुळांवरच्या गाडीने काका जबलपूरला गेले, आणि परत आले तेव्हा कोट हातावर टाकून सरळ आमच्याच दारात उभे राहिले. गल्ली जमली. काकूंनाही मागून येऊन ऐकावं लागलं.

तिथे तीन साहेब होते. पहिलाच प्रश्न पोलिसांचा. काकांनी मी घोटून घेतलेली सगळी इंग्रजी वाक्यं आठवून पाहिली. पोलिसांवर एकही नव्हतं. "मंग मी सांगून देल्लं," काका म्हणाले. "आय सेल पौंड इन माय कोर्टयार्ड, सर. एव्हरी मॉर्निंग माय वाइफ स्वीप्स इट." एक साहेब हसला, मग तिघेही. त्यांनी काकांकडून मागच्या सबंध महिन्याचा पौंड तोंडी वदवून घेतला. काकांनी सांगितला, रोजचा, चढासहित उतारासहित, मध्ये एका ठिकाणी अडखळले तर डोळे मिटून तुळशीजवळचा कोपरा आठवला आणि पुढे गेले. मग शेवटचा प्रश्न आला. कोणती पद्धत?

"मग?" मी विचारलं. एवढ्या लोकांत मी विचारलं हे नंतर माझ्या लक्षात आलं.

"इंग्रजी सुटली बेटा तिथं. हिंदीतच बोललो. म्हटलं, साहब, चारों सीखी, चारों से मार खाई. अब वो चुनूँगा जिसमें अपनी ग़लती जल्दी पकड़ में आए. बाकी में आदमी बहुत दिन तक होशियार बना रहता है."

"अन् ते काय म्हन्ले?" काकूंनी विचारलं.

"काई नाई. लिवून घेतलं."

पावसाळा सरत आला तेव्हा निवडीचं पत्र आलं. मॅनेजरसाहेबांनी ते स्वतः घरी आणून दिलं आणि पहिला पेढाही स्वतःच खाल्ला. सहा महिने मुंबईत प्रशिक्षण, जमलं तर पुढे तिथेच. काकू घर सांभाळायला मागे राहणार होत्या. काका इतके घाबरले होते की त्यांनी त्या आठवड्यात एकही पद्धत कशालाच लावली नाही. सगळ्यांचं सगळं ऐकत होते. वळकटीत काय काय बांधावं हे न्हाव्यानेसुद्धा सांगितलं.

स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. गोंदियाला उतरून मोठ्या लाईनची गाडी धरायची होती. काका खिडकीशी बसले, नव्याने कापलेल्या, दोन्ही बाजूंनी सारख्या केसांचे, आणि मला म्हणाले, "अंगनात मी काई हरलो नाई बेटा. आता हराची पाळी खरी येते." पण चेहरा हसरा होता. गाडी हलली तेव्हा ते उभे राहिले आणि दिसेनासे होईपर्यंत उभेच राहिले; बसायला सांगणारं त्या डब्यात कोणी नव्हतं.

काकू आणि मी फलाटावर मागे राहिलो. बाकीचे पुढे निघाले होते. काकूंनी डोळे पुसले नाहीत, पदर मात्र नीट केला. मग म्हणाल्या, "येकदा त्या भावात घुसले का याहीले भान नाई राहत. इथं मी तरी आवाज देत होती, उठा, जेवाले चला. तिथं कोन देईन व?"

मला मुंबईतलं काहीच माहीत नव्हतं. मी मुंबई पाहिलीही नव्हती.

"तिथे दुपारी घंटा होते, काकू," मी म्हटलं. "सगळ्यांनाच उठवतात. वाढून देतात."

"सगळ्याईले?"

"सगळ्यांना. एकदम."

"हौ का," काकू म्हणाल्या. त्या घराच्या वाटेला वळल्या. "मंग ठीक हाय."